परतीचा बेत आणि वारसाहक्क

आयर्लंडमधल्या मराठी घरांत एक वाक्य हमखास ऐकू येतं: "अजून दोन-तीन वर्षं, मग परत जाऊ." मुलं शाळेत जायला लागतात, लुकनला किंवा स्वोर्ड्सला घर होतं, कर्जाचे हप्ते सुरू होतात, पुढे आयरिश पासपोर्टही हातात येतो. वाक्य तेच राहतं. आपल्या दृष्टीने तो मनातला एक बेत असतो. पण माणूस अचानक गेला तर त्याच्या बँकेतल्या पैशांची वाटणी कोणत्या देशाच्या कायद्याने करायची, हे बऱ्याच अंशी याच वाक्यावर ठरू शकतं. हे कळल्यापासून मला ते वाक्य पूर्वीसारखं सहज ऐकता येत नाही.

एक उदाहरण घेऊ. चाळिशीतला एक इंजिनिअर डब्लिनमध्ये राहतो. घरात बायको आणि दोन शाळकरी मुलं, साताऱ्यात विधवा आई. डब्लिनचं घर नवरा-बायकोच्या जोडनावावर आहे. त्याच्या एकट्याच्या खात्यात ९०,००० युरो आहेत आणि लग्नाआधी पुण्यात घेतलेला एक फ्लॅट त्याच्या एकट्याच्या नावावर आहे. मृत्युपत्र केलेलं नाही, कारण चाळिशीत कोण करतं? आणि तो जातो.

डब्लिनच्या घराचा प्रश्न लगेच सुटतो. इथे नवरा-बायको घर बहुधा 'जॉइंट टेनन्सी'ने घेतात. त्यात एक गेला की मालकी आपोआप दुसऱ्याकडे जाते, वारसांच्या वाटणीत ते घर येतच नाही. मात्र खरेदीच्या वेळी 'टेनन्सी इन कॉमन' लिहिलं असेल तर ज्याचा त्याचा हिस्सा वेगळा राहतो. आपल्या घराच्या कागदांवर यातलं काय लिहिलंय, हे आज संध्याकाळी काढून बघावं इतकं ते महत्त्वाचं आहे.

पुण्याचा फ्लॅट स्थावर आहे. स्थावर मालमत्ता जिथे उभी असते तिथला कायदा तिला लागतो. कुटुंब हिंदू असेल तर १९५६ चा हिंदू उत्तराधिकार कायदा. त्यात बायको, मुलं आणि आई एकाच पंक्तीत बसतात. म्हणजे चौघांना प्रत्येकी पाव हिस्सा, आणि साताऱ्याच्या आईला न मागता चौथा वाटा. (गोव्यातल्या कुटुंबांचं आणखी वेगळं. तिथे पोर्तुगीज काळापासून चालत आलेल्या कायद्यामुळे मुलांना अर्ध्या मालमत्तेतून वगळताच येत नाही.)

अडचण येते ती ९०,००० युरोंपाशी. बँकेतली रक्कम म्हणजे जंगम मालमत्ता, आणि तिला मृताच्या 'डोमिसाइल'च्या देशाचा कायदा लागतो. कॉलेजच्या प्रवेशासाठी तहसील कचेरीतून आपण डोमिसाइलचा दाखला काढतो, त्याच्याशी याचा संबंध नाही. पासपोर्टशीही नाही. डोमिसाइल म्हणजे माणूस ज्या देशाला आपलं कायमचं घर मानतो तो देश. जन्मतः बहुधा वडिलांचा डोमिसाइल मिळतो. तो बदलायचा तर दुसऱ्या देशात राहायला जाणं पुरत नाही, तिथेच कायमचं राहायचा इरादा लागतो. म्हणजे पंधरा वर्षं डब्लिनमध्ये काढूनही 'परत जाऊ' हे मनापासून खरं असेल, तर माणूस कायद्याच्या लेखी अजून भारतातलाच असू शकतो.

आता दोन्ही हिशेब शेजारी ठेवून बघा. त्याने आयर्लंड कायमचं आपलं मानलं होतं असं ठरलं, तर १९६५ च्या आयरिश सक्सेशन ॲक्टप्रमाणे, मृत्युपत्र नसताना, बायकोला दोन तृतीयांश म्हणजे ६०,००० युरो मिळतात. उरलेल्या तृतीयांशातून दोन्ही मुलांना प्रत्येकी १५,०००. आईला काहीही नाही. जोडीदार किंवा मुलं हयात असतील तर आयरिश कायदा आईवडिलांकडे वळतच नाही. पण तो भारतातलाच होता असं ठरलं, तर चौघांना प्रत्येकी २२,५००. एकाच खात्याच्या या दोन वाटण्या आहेत. आईच्या वाट्याला साडेबावीस हजार की शून्य, आणि मुलांना एकटीने वाढवणाऱ्या बायकोला साठ हजार की साडेबावीस, हे ठरणार तिच्या नवऱ्याच्या मनात काय होतं त्यावर. आणि ते सांगायला तोच नसणार.

दोन पानांचं मृत्युपत्र असतं तर हा वाद पुष्कळसा टळला असता. मृत्युपत्राचा विषय काढणं आपल्याकडे अभद्र समजतात हे मला ठाऊक आहे. पण आईचं नाव घालायचं असेल तर ते लिहावंच लागेल. साताऱ्याच्या आईला महिन्याच्या महिन्याला पैसे पाठवणारा मुलगा आईला विसरला नव्हता, त्याने फक्त लिहून ठेवलं नव्हतं.

आयर्लंडचा हा कायदा असा का आहे, हे समजून घेण्यासारखं आहे. वाटणीच्या जखमा या देशाने आपल्याइतक्याच सोसल्यात. इंग्रजी सत्तेने १७०४ मध्ये केलेल्या एका कायद्याने कॅथलिक माणसाची जमीन त्याच्या सगळ्या मुलग्यांत सारखी वाटली जावी असं बंधन घातलं. थोरल्याने प्रोटेस्टंट पंथ स्वीकारला तर मात्र सगळी जमीन त्याची. कॅथलिकांकडे मोठी जमीन उरू नये हाच हेतू होता. पुढे गरिबांनीही पोटापुरते तुकडे पाडत नेले. इतक्या लहान तुकड्यावर कुटुंब जगवायचं तर बटाट्याशिवाय दुसरं पीक परवडत नव्हतं. १८४५ साली बटाट्यावर रोग आला आणि दुष्काळात सुमारे दहा लाख माणसं दगावली. त्यानंतर रीत उलटी झाली: जमीन एकाच मुलाला आणि बाकीच्यांनी बोटीने अमेरिका गाठायची. तुकडेबंदीचा कायदा १९४७ सालापासून ऐकत आलेल्या आपल्या शेतकरी घरांना हे वेगळं सांगायला नको.

या सगळ्यात बायकोला काय? १९६६ अखेरपर्यंत आयर्लंडमध्ये नवरा मृत्युपत्राने बायकोला पूर्णपणे वगळू शकत होता. आयुष्यभर ज्या शेतावर ती राबली ते शेत पुतण्याच्या नावावर होऊ शकत होतं. न्यायमंत्री चार्ल्स हॉही यांनी हे बदलायचं काम हाती घेतलं, त्यांच्यानंतर त्या पदावर आलेल्या ब्रायन लेनिहन यांनी ते तडीस नेलं आणि १ जानेवारी १९६७ पासून १९६५ चा नवा कायदा लागू झाला. तेव्हापासून मृत्युपत्रात काहीही लिहिलं असलं तरी जोडीदाराचा हक्काचा हिस्सा ठरलेला आहे: मुलं नसतील तर अर्धा, असतील तर एक तृतीयांश. मुलांचा असा ठराविक हिस्सा नाही. पण आईवडिलांनी आपल्याबाबतचं नैतिक कर्तव्य पाळलं नाही असं मुलाला वाटलं, तर तो कलम ११७ खाली कोर्टात जाऊ शकतो. प्रोबेट, म्हणजे मृत्युपत्रावर कोर्टाची मान्यता, मिळाल्यापासून सहा महिन्यांच्या आत जावं लागतं. हिंदू माणसाला भारतात स्वकष्टार्जित मालमत्ता मृत्युपत्राने कुणालाही देता येते. त्या सवयीने पुण्याच्या वकिलाकडून लिहून आणलेलं मृत्युपत्र डब्लिनच्या मालमत्तेला लावायला गेलात तर ते इथे अडू शकतं.

दोन देशांचे नियम आणखी दोन ठिकाणीही वेगळे आहेत. भारतात दोन्ही साक्षीदार एकाच वेळी हजर असायलाच हवेत असं नाही. आयर्लंडमध्ये मात्र दोघांच्या एकत्र हजेरीत सही व्हावी लागते, आणि साक्षीदाराला किंवा त्याच्या जोडीदाराला त्या मृत्युपत्रातून काहीही मिळू शकत नाही. दिवाळीला जेवायला आलेल्या मेहुण्याकडून स्वयंपाकघरातल्या टेबलावर साक्षीची सही घेतली आणि मजकुरात त्याच्या बायकोला, म्हणजे सख्ख्या बहिणीला, दागिने ठेवले असतील, तर मृत्युपत्र टिकेल पण बहिणीचे दागिने जातील. दुसरं म्हणजे लग्न. आयरिश कायद्यात लग्न झालं की आधीचं मृत्युपत्र रद्द होतं, ते त्या लग्नाचा विचार करून लिहिलेलं असेल तरच वाचतं. हिंदू माणसाचं मृत्युपत्र भारतीय कायद्यात लग्नाने रद्द होत नाही. म्हणून दोन्ही देशांत मालमत्ता असेल तर दोन मृत्युपत्रं करावीत असा सल्ला बरेच जण देतात, आणि तो योग्यच आहे. पण छापील मसुद्यात बहुतेक वेळा पहिलंच वाक्य असतं: 'यापूर्वी केलेली माझी सर्व मृत्युपत्रे मी रद्द करीत आहे.' डब्लिनच्या मृत्युपत्रात ते वाक्य तसंच राहिलं तर पुण्याचं मृत्युपत्र त्याच क्षणी संपतं. 'आयर्लंडमधील मालमत्तेपुरते' एवढे शब्द त्यात हवेत.

आता कराकडे येतो. इथे मात्र 'परत जाऊ'चा फारसा उपयोग नाही. वारसाहक्काचा कायदा तुमचा इरादा पाहतो, कर खातं वर्षं मोजतं.

भारतात इस्टेट ड्यूटी १९५३ साली आली, एका टप्प्यावर सगळ्यात वरचा दर ८५ टक्क्यांपर्यंत पोचला आणि १९८५ मध्ये ती रद्द झाली. त्यामुळे वारशावर कर असतो ही कल्पनाच आपल्या पिढीच्या डोक्यात नाही. आयर्लंडमध्ये कॅपिटल ॲक्विझिशन्स टॅक्स आहे. बोलताना सगळे 'कॅट' म्हणतात. वारसा आणि भेट दोन्हींवर तो लागतो आणि भरतो तो घेणारा. डिसेंबर २०१२ पासून दर ३३ टक्के आहे. नवरा-बायकोत एकमेकांना काहीही दिलं तरी कर नाही. आईवडिलांकडून मुलाला मिळतं त्यात आयुष्यभरात मिळून ४,००,००० युरोंपर्यंत कर नाही. ही मर्यादा २ ऑक्टोबर २०२४ पासूनची. भाऊ, बहीण, काका, मामा, आजी-आजोबा यांच्याकडून ४०,०००. बाकी सगळ्यांकडून २०,०००, आणि या 'बाकी सगळ्यांत' सासू-सासरेही येतात. सासूबाईंनी सुनेला दिलेला वारसा कर खात्याच्या दृष्टीने परक्याने दिलेला वारसा आहे.

आता मुद्द्याची गोष्ट. देणारा किंवा घेणारा, दोघांपैकी एक जण आयर्लंडचा रहिवासी असेल तर मालमत्ता जगात कुठेही असली तरी हा कर लागतो. ज्याचा डोमिसाइल आयर्लंडचा नाही त्याला एवढीच सवलत, की सलग पाच करवर्षं इथला रहिवासी राहिल्याशिवाय तो या हिशेबात धरला जात नाही. त्यानंतर सहाव्या वर्षी तो इथेच असला की धरला जातो. म्हणजे कोथरूडचा बाबांचा फ्लॅट, ज्यावर भारतात वारशाचा एक रुपया कर नाही, तो लेकाच्या डब्लिनच्या पत्त्यामुळे आयरिश कराच्या कक्षेत येतो. भारत आणि आयर्लंडमध्ये दुहेरी कर टाळण्याचा करार आहे, पण तो मिळकतीवरच्या करांपुरता. वारसा कराबाबत आयर्लंडचे करार फक्त ब्रिटन आणि अमेरिकेशी आहेत.

आकड्यांत बघू. हिशेबाच्या सोयीसाठी एक युरो म्हणजे १०० रुपये धरू. सहा कोटींचं घर एकुलत्या एका मुलाला मिळालं तर ते ६,००,००० युरो. त्यातले ४,००,००० वजा जाऊन दोन लाखांवर ३३ टक्के म्हणजे ६६,००० युरो. घर विकलं नाही तरी, तिथे आई राहत असली तरी. किंमत बाजारभावाने धरतात, रेडी रेकनरने नाही. आणि ४,००,००० ची मर्यादा आई व बाबा मिळून एकच आहे. दहा वर्षांपूर्वी डब्लिनच्या घराच्या डिपॉझिटसाठी बाबांनी ५० लाख पाठवले असतील तर तेही त्यातून वजा होतात. मर्यादेच्या ८० टक्क्यांच्या पुढे गेलं की कर बसो वा न बसो, विवरणपत्र भरावंच लागतं. त्याची वार्षिक मुदत ३१ ऑक्टोबर.

तेच घर दोन भावंडांत वाटलं गेलं तर प्रत्येकी तीन लाख, आणि आधी काही मिळालेलं नसेल तर कर शून्य. नातवंडांच्या नावाने थोडं ठेवलं तर त्यांची मर्यादा वेगळी मोजली जाते. शिवाय दरवर्षी प्रत्येक देणाऱ्याकडून प्रत्येक घेणाऱ्याला ३,००० युरोंपर्यंतची भेट पूर्ण माफ असते, ती कुठल्याच मर्यादेत धरत नाहीत. आई आणि बाबा दोघांनी मुलाला आणि सुनेला दिली तर वर्षाला १२,००० होतात. आयरिश कुटुंबं ही सवलत वर्षानुवर्षं सांभाळून वापरतात. आपल्या घरांत तिचं नावही फारसं कुणी ऐकलेलं नसतं.

हक्कसोडपत्राबद्दल मला जरा थांबून लिहायचंय, कारण इथे चांगल्या मनाची माणसं अडकतात. कोल्हापूरला वडील वारले. मृत्युपत्र नाही. वारस तीन: आई, भाऊ आणि कॉर्कला नोकरी करणारी बहीण. घर तीन कोटींचं. घरातली रीत अशी, की बहिणीने भावाच्या नावे हक्क सोडायचा. ती सुट्टीत येते, दुय्यम निबंधकाच्या कचेरीत अंगठा-फोटो होतो आणि जेवून सगळे घरी. आयर्लंडच्या दृष्टीने मात्र तिला आधी एक कोटीचा वाटा मिळाला आणि तो तिने भावाला भेट दिला, असं धरलं जाऊ शकतं. देणारी आयर्लंडची रहिवासी. बहिणीकडून भावाला मर्यादा ४०,००० युरो, वर्षाची माफी ३,०००. एक लाख युरोंतले ५७,००० उरतात आणि त्यावर कर १८,८१०. भाऊ कधी आयर्लंडला गेलेलाही नसतो. कुणाचंही नाव न घेता 'मला हा वारसा नको' म्हणणं वेगळं आणि अमुक भावाच्या लाभात सोडणं वेगळं. सहीच्या आधी दोन्हीकडच्या वकिलांना विचारायलाच हवं. वडिलांनी स्वतः कमावलेलं घर मृत्युपत्राने थेट मुलाला दिलं असतं तर देणारा, घेणारा आणि घर तिन्ही भारतात. आयर्लंडचा संबंधच आला नसता.

मुलींनी हक्क सोडावा असं मात्र मी मुळीच म्हणत नाही. महाराष्ट्राने वडिलोपार्जित मालमत्तेत मुलींना बरोबरीचा हक्क १९९४ सालीच दिला, केंद्राने २००५ मध्ये आणि सर्वोच्च न्यायालयाने २०२० मध्ये तो आणखी पक्का केला. परदेशात चांगला पगार आहे म्हणून तिला नकोच असेल, हे गृहीत धरणं मला अन्यायाचं वाटतं. पण तिने सोडायचाच ठरवला तर तिच्या सहीची किंमत तिला आधी कळली पाहिजे.

'सगळीकडे नॉमिनी टाकलाय' या समाधानाचंही तसंच. 'कालनिर्णय'चे संस्थापक जयंत साळगांवकर यांच्या गुंतवणुकींवरून त्यांच्या वारसांत उभा राहिलेला वाद सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. १४ डिसेंबर २०२३ ला न्यायालयाने सांगितलं की शेअर्सचा नॉमिनी मालक होत नाही, त्याने ते खऱ्या वारसांसाठी सांभाळायचे असतात. आयर्लंडमध्ये क्रेडिट युनियनच्या खात्यावर नॉमिनी नेमला तर उलट घडतं: ठरावीक मर्यादेपर्यंत ती रक्कम खरोखर त्याचीच होते आणि मृत्युपत्रात काहीही लिहिलं तरी बदलत नाही. भावाचं नाव टाकून विसरून गेलेले लोक असतात.

पैशांचं काहीही होवो, मुलांचा प्रश्न त्याहून मोठा आहे. नवरा-बायको एकाच गाडीत असतात. दोघंही गेले तर त्या रात्री मुलं कुणाकडे? आजी-आजोबा सात हजारांहून जास्त किलोमीटरवर, त्यांना व्हिसा लागणार. १९६४ च्या कायद्याने आईवडील मृत्युपत्रात मुलांचा पालक नेमू शकतात. माझ्या मते आयर्लंडमध्ये राहणाऱ्या मराठी जोडप्याने मृत्युपत्र करायचं पहिलं कारण हेच असावं, घरदार नंतर. दोन नावं विचारात घ्यावीत: सुरुवातीचे दिवस सांभाळणारं इथलं, आणि मुलांना कायमचं वाढवणारं. ती दुसरी व्यक्ती भारतात असेल तर तसं स्पष्ट लिहावं, आणि दोघांनाही आधी विचारावं. मुलं १८ वर्षांची होईपर्यंत त्यांचा वाटा सांभाळणारे विश्वस्तही त्याच कागदात नेमता येतात.

माणूस जिवंत आहे पण निर्णय घेण्याच्या स्थितीत नाही, ही वेळही येते. भारतातलं साधं मुखत्यारपत्र अशा वेळी, म्हणजे नेमकं गरजेला, निरुपयोगी ठरतं. आयर्लंडमध्ये २६ एप्रिल २०२३ पासून नवी पद्धत लागू आहे. माणूस ठणठणीत असतानाच 'एंड्युअरिंग पॉवर ऑफ ॲटर्नी' करून डिसिजन सपोर्ट सर्व्हिसकडे नोंदवतो, आणि त्याची निर्णयक्षमता गेली की ती अमलात येते.

मृत्युपत्राची सरकारदरबारी नोंद करायची सोय आयर्लंडमध्ये नाही. मूळ प्रत बहुधा सॉलिसिटरच्या तिजोरीत असते. त्या सॉलिसिटरचं नाव बायकोला माहीत नसेल तर तिला गावभर कचेऱ्या पालथ्या घालाव्या लागतात. फ्रिजवर चिकटवलेल्या फोन नंबरांच्या यादीत तेवढं एक नाव वाढवायला काही लागत नाही.

प्रोबेटसाठी डब्लिनच्या स्मिथफील्डमधल्या कार्यालयात अर्ज करण्याआधी कर खात्याचा एसए-२ नावाचा फॉर्म ऑनलाइन भरावा लागतो. मृताची देशातली आणि परदेशातली मालमत्ता, कर्जं, वारसांचे पीपीएस नंबर. त्यात मृताचा डोमिसाइल विचारलेला असतो. तिथे आयर्लंड लिहायचं की भारत, हे बायकोला भरावं लागतं, एकटीने, माणूस गेल्यानंतरच्या त्या दिवसांत. नवऱ्याने मृत्युपत्रात 'माझं कायमचं घर मी अमुक देशाला मानतो' अशी एक ओळ लिहून ठेवली असेल, तर तिला निदान ती बघून लिहिता येतं.